दोन ड्रम समुद्र

आमच्या पुढच्या खोलीत समुद्र आहे, आणि तो डॉक्टरकडून आला.

मालक, म्हणजे माझा नवरा, टेलिफोनच्या खांबावर चढायचं काम करायचे. रिटायर झाल्यावर गुडघे धरले, म्हणून औरंगाबादला हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. तिथं तीन तास बसवून ठेवलं. समोर काचेची टाकी होती, खाऱ्या पाण्याची. मी भिंतीवरचं घड्याळ बघत होते आणि मालक टाकी बघत होते. नंबर लागला तेव्हा ते उठायला तयार नव्हते. डॉक्टरनं गोळ्या लिहून दिल्या, त्या आठ दिवस घेतल्या. टाकीला मात्र सहा वर्षं झाली.

मी चौथी शिकलेली आहे, पण या टाकीतलं मला सगळं माहीत आहे, कारण येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला मालक ते पहिल्यापासून सांगतात आणि मी स्वयंपाकघरात ऐकते. त्यातले दगड हे नुसते दगड नाहीत, त्यांच्या छिद्राछिद्रांत जीव असतात आणि तेच पाणी साफ ठेवतात. पोवळी म्हणजे झाडं नाहीत, जनावरं आहेत. पाणी फिल्टरचं लागतं. मीठ कुरियरनं येतं, बादलीतून. त्या बादलीच्या किमतीत घराला पाच वर्षांचं मीठ येईल, असं मी एकदा म्हणाले होते, तेव्हा मालक दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. बरे गेले ते दोन दिवस.

टाकीत मासे दोनच. नारिंगी, पांढरे पट्टे असलेले, नवरा-बायको. त्यांच्यात बाई मोठी असते आणि बुवा लहान. बाईनं नुसतं वळून बघितलं की बुवा एका बाजूला होऊन थरथरतो. एवढी एकच गोष्ट त्या टाकीत मला पहिल्यापासून पटलेली आहे.

आणि एक फूल. मालक त्याला ॲनिमोन म्हणतात. दिसतं फुलासारखं, पण तेही जनावरच. त्याला पाय असतो, तोंड असतं. मासे त्याच्यात झोपतात. आणलं तेव्हा भज्याएवढं होतं, आता जेवायच्या ताटाएवढं झालं. हात पसरून शेजारच्या पोवळ्यांना चटके द्यायला लागलं. दोन पोवळी पांढरी पडून मेली, तेव्हा मालकांनी भाईला बोलावलं.

भाईचं जुन्या जालन्यात माशांचं दुकान आहे. विकतो गोल्डफिश, पण खाऱ्या पाण्यातलं कळणारा गावात मालकांशिवाय तो एकटाच. त्यानं वाकून बघितलं.

"चाचा, ह्याला मोठं घर पाह्यजे. न्हाईतर एक दिवस हे सगळ्यांना खाऊन टाकंल."

"आमच्या घरात असं एक माणूस अगोदरच हाय," मालक म्हणाले.

"ऐकू येतं मला," मी आतून म्हणाले.

तीन फुटी टाकीच्या जागी ठेवायला पाच फुटी टाकी आली. पण पाच फुटी टाकी आणून ठेवणं सोपं आणि तिच्यात हे बिऱ्हाड हलवणं अवघड. पाणी बदललं, गार झालं, खारटपणा कमी-जास्त झाला की पोवळी मरतात. सगळ्यात नाजूक ते फूल. ते मेलं की सडतं, आणि सडलं की सगळ्या टाकीत विष पसरतं. मालकांनी मला आठ दिवस आधीच सांगून ठेवलं होतं, "हे फूल गेलं तर समदं गेलं. मंग मी टाकी भंगारात घालतो. पुन्हा पह्यल्यापासून पाळायचं वय न्हाई आता माझं."

मी म्हणाले, "मंग काय, दिवाणखाना मोकळा होईल."

हे मी सहा वर्षं म्हणत आले आहे. पाहुण्यांसमोर म्हटलेलं आहे, लेकीला फोनवर म्हटलेलं आहे. हे लिहून ठेवायला पाहिजे, कारण पुढं त्याचा त्रास मला झाला.

मालकांनी पंधरा दिवस फिल्टरचं पाणी थेंब थेंब साठवलं. मागच्या अंगणात न्हाणीजवळ दोन निळे ड्रम ठेवले होते, शंभर शंभर लिटरचे. आदल्या दिवशी त्यात मीठ टाकलं, पाणी घुसळायला पंप सोडला, ऊब द्यायला विजेची कांडी सोडली. दिवसभर ते गुरगुरत होतं. मालक एका नळीसारख्या काचेतून पाण्याचा थेंब उजेडाकडं धरून बघायचे, चतुर्थीला चंद्र बघावा तसे. तेवढ्यानं खारटपणा कळतो म्हणे.

"तू फक्त चहा कर," मला हुकूम झाला. "कशाला हात लावू नको."

"मी कशाला लावते मेल्या माशांना हात?"

"मेल्या म्हणू नको आज."

माघ महिना होता. सकाळी आठला भाई आला. आधी जुन्या टाकीतलं वरचं नितळ पाणी नळीनं टबांमध्ये काढलं. ते फेकायचं नसतं, तेच पुन्हा वापरायचं. दगड एका टबात, पोवळी दुसऱ्या टबात, फूल त्याच्या दगडासकट तिसऱ्यात. मासे सगळ्यात शेवटी, कारण दगड निघाल्याशिवाय ते सापडतच नाहीत. भाईनं जाळी घातली तर मोठीनं त्याच्या बोटाला चावा घेतला.

"आई गं! चाचा, ही चावून राह्यली!"

"बाईमाणूस हाय," मी म्हणाले. "घरातनं काढल्यावर चावणारच."

तळाची वाळू हलवली तर सडक्या अंड्यासारखा वास सुटला. सहा वर्षांची घाण खाली बसलेली. भाई म्हणाला, ही वाळू नव्या टाकीत बिलकुल नक्को, ही विष हाय. ती गोणीत भरली. मी मागचं दार उघडून दिलं आणि त्या वासात चहा ठेवला.

ड्रममधला पंप आणि कांडी काढून त्यांनी फुलाच्या टबात लावली, म्हणजे तोवर फुलाला हवा आणि ऊब मिळावी. ड्रमांवर झाकणं ठेवली. मग दोघं पुढच्या खोलीत गेले आणि नव्या टाकीचं स्टँड सरळ करत बसले. एक कोपरा दोन सूत खाली होता. दोघं फरशीवर पालथे पडून खाली पत्र्याच्या पट्ट्या सारत होते. दोघांचे मिळून चार गुडघे, त्यातला धड एकही नाही.

आता आमच्या नळाबद्दल सांगायला पाहिजे.

आमच्या गल्लीत नळ आठव्या-दहाव्या दिवशी येतो. कधी येईल ते सांगता येत नाही. आला की पाऊण तास, फार तर तास. तेवढ्या वेळात हातातलं काम टाकून पळायचं असतं. मी एकदा मळलेल्या कणकेच्या हातानं पाणी भरलेलं आहे. आणि आमच्याकडं रीत अशी की शिळ्या पाण्यात ताजं ओतायचं नाही. आधी शिळं काढायचं, झाडांना किंवा अंगणात, भांडं खंगाळायचं आणि मग भरायचं. शिळ्यात ताजं घालणारी बाई गल्लीत आळशी म्हणून ओळखली जाते. मी पन्नास वर्षं हे करते आहे. त्यात डोकं लागत नाही. हात आपले आपण करतात.

"नळ आलाऽऽ!" भिंतीपलीकडून शेजारीण ओरडली आणि दोन हंडे घेऊन आमच्याच अंगणात आली, कारण आमचा नळ उताराला आहे, पाणी आधी आमच्याकडं चढतं.

मी पदर खोचला. हंडे उपडे केले, बादल्या उपड्या केल्या. निळ्या ड्रमापाशी आले. वायर नाही, गुरगुर नाही, वर झाकण. आमचे पाण्याचे ड्रम निळेच असतात.

"काकू, हे तर भरलेले हायेत," शेजारीण म्हणाली.

"शिळं हाय. धर तिकडून."

दोघींनी मिळून पहिला ड्रम कलता केला. मग दुसरा. पाणी अंगणभर झालं, कढीपत्त्याच्या आळ्यात गेलं, मोरीत गेलं. मी ड्रम काथ्यानं घासले, खंगाळले, नळाचा पाइप आत सोडला. चांगलं काम झालं असं वाटत होतं.

मग टाचा चरचरायला लागल्या. माझ्या टाचांना थंडीत भेगा पडतात. आधी वाटलं मुंगळा चावला. खाली बघितलं तर मुंगळा नाही. वाकून फरशीवरच्या पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"काय झालं, काकू?"

"समुद्र सांडला," मी म्हणाले.

खरं सांगायचं तर गप्प बसावं असंही मनात आलं. ड्रम पुन्हा भरत आले होते. झाकण ठेवलं असतं तर वरून काही कळलं नसतं. पण मालक ओतायच्या आधी ती काच लावून बघणारच होते, तेव्हा त्यात काही अर्थ नव्हता. मी आत गेले. दोघं अजून पालथेच होते.

"अहो, ड्रममधलं पाणी मी फेकलं."

"कोणत्या ड्रममधलं?" मालक फरशीकडं बघतच म्हणाले.

"दोन्ही."

भाईनं डोळे मिटले. "या अल्ला."

"नळ आल्ता," मी म्हणाले.

मालक उठून बसले. ओरडतील म्हणून मी तयार होते. ओरडणाऱ्या माणसाला काय म्हणायचं ते मला येतं. ते ओरडले नाहीत. माझ्याकडं बघून हळू आवाजात म्हणाले, "मुद्दाम केलं का?"

सहा वर्षं बोललेलं सगळं असं माझ्या अंगावर आलं.  मला राग आला, तो कुणाचा ते अजून ठरलेलं नाही.

"चाचा, भांडण संध्याकाळी करा," भाई मधेच म्हणाला. "आता हिशोब पहा. जुनं पाणी टबात हाय, ते अर्ध्या टाकीला पुरंल. राहिलेल्या अर्ध्याला नवं पाह्यजे. मिठाची एक बादली फोडायची बाकी हाय. पाणी कुठून आणायचं तेवढं बोला."

"घरच्या फिल्टरला पंधरा दिवस लागतात," मालक म्हणाले. त्यांचा चेहरा अगदी ओल्या मातीसारखा झाला होता.

"जारचं चालंल का?" मी विचारलं. गावात पाण्याचे जार विकणारे आहेत, तेही फिल्टरचंच पाणी देतात, एवढं मला माहीत होतं.

भाईनं बोटांवर जार मोजले. "चालंल, अम्मा. एकदम बराबर न्हाई, पण चालंल. दहा जार पाह्यजे. जल्दी."

दोघांना टबांजवळून हलता येत नव्हतं. मी चपला घातल्या.

जारच्या कारखान्यात पन्नासेक जार बाहेर ओळीनं लावलेले होते. तिथला शेठ खुर्चीत बसून पेरू खात होता.

"दहा जार दे, बाबा. आत्ताच्या आत्ता."

"मावशी, हे समदे लग्नाचे हायेत. संध्याकाळी या."

"संध्याकाळपर्यंत मरतील ना."

त्यानं पेरू खाली ठेवला. "कोण?"

"घरात कार्य हाय. नव्या घरात जायचंय."

"वास्तुशांत का? मंग असं सांगा ना. किती माणसं?"

"दोन मासे, एक फूल आणि दगडं."

त्यानं माझ्या चेहऱ्याकडं बघितलं. मग माझ्या ओल्या लुगड्याकडं बघितलं. त्याला काय वाटलं कोण जाणे, बहुतेक माझं डोकं फिरलंय असं वाटलं असावं, पण तो उठला आणि त्यानं स्वतः दहा जार मालाच्या रिक्षात चढवले. "तुमच्या घरी सोबत कोणी हाय ना, मावशी?" असंही विचारलं. मी म्हणाले, हाय की, त्यांनाच तर घाई हाय.

घरी आले तर शेजारीण पिशवी घेऊन दारात उभी होती. तिच्या हातूनही ड्रम सांडला होता, तेव्हा तिलाही बसवत नव्हतं.

"काकू, मीठच पाह्यजे ना? लोणच्यासाठी खडेमीठ आणलेलं होतं, पाच किलो. टाका."

"नक्को, नक्को!" भाई आतून ओरडला. "त्या मिठात हे जगत न्हाईत!"

"लोणचं दोन वर्षं टिकतं माझं," ती म्हणाली आणि रागावून पिशवी घेऊन गेली.

भाईनं पेनसारखं एक यंत्र जारमध्ये बुडवलं, आकडा बघितला आणि मान हलवली. पाणी चालणारं होतं. पण जार रात्रभर बाहेर थंडीत होते. हात घातला तर बोटं बधिर. कांडी फुलाच्या टबात होती, ती काढता येत नव्हती. पाणी तापवायला मला कुणी शिकवायची गरज नाही. मी माळ्यावरून तांब्याचं मोठं पातेलं काढलं, दोन जार त्यात ओतायला घेतले, आणि भाई अंगणातून असा धावत आला की पायातली एक चप्पल मागंच राहिली.

"अम्मा! तांबं नक्को! तांब्यानं समदे मरतात!"

"आम्ही तांब्याचंच पाणी पितो. कोण मेलं?"

"माणसं मरत न्हाईत, अम्मा. हे मरतात!"

मालक दारात उभे होते. माझ्या हातातल्या पातेल्याकडं असं बघत होते की मी ते तिथंच खाली ठेवलं. आता हेही मुद्दामच धरलं जाणार, हे मला दिसत होतं. जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, पातेलंही चालत नाही म्हणाले. मग स्टीलची चार पातेली घेतली, साबण नको म्हणून नुसत्या गरम पाण्यानं तीन तीनदा धुतली, आणि गॅसच्या दोन्ही शेगड्यांवर पाणी तापवायला सुरुवात केली. उकळायचं नाही, नुसतं कोमट. कढत पाणी गारात मिसळायचं, हात घालून बघायचं. भाई म्हणाला, अंघोळीच्या पाण्याहून कमी, पण गार लागता कामा नये. बाळंतिणींची दहा बाळं मी न्हाऊ घातलेली आहेत. मी कोपर बुडवून सांगितलं, हे बराबर हाय. त्यानं काचेचं थर्मामीटर घातलं. बराबर होतं. त्यानंतर त्यानं थर्मामीटर घालणं बंद केलं.

मीठ घातलं. भाईनं दुकानातून दुसरा पंप आणला. एक दिवस घुसळायला पाहिजे ते तीन तास घुसळलं. मालक दर पंधरा मिनिटांनी काच उजेडाकडं धरायचे आणि बाकी वेळ फुलाच्या टबापाशी पाटावर बसायचे. फूल आक्रसून गेलं होतं. ताटाएवढं होतं ते मुठीएवढं झालं, पिळून कोपऱ्यात टाकलेल्या फडक्यासारखं दिसत होतं. दुपारचं जेवण मी तिथंच नेऊन दिलं. मालकांनी भाकरीचा एक तुकडा मोडला आणि तसाच धरून ठेवला.

"खा," मी म्हणाले. "तुम्ही उपाशी राहून ते फुगणार न्हाई."

चारच्या सुमाराला पाणी जमलं. नव्या टाकीत धुतलेली नवी वाळू घातली, दगड रचले, जुनं पाणी ओतलं, मग नवं हळूहळू. टाकी भरली. पोवळी ठेवली. मग फूल. ते मालकांनी दोनदा उचललं आणि परत टबात सोडलं, शेवटी भाईनं ठेवलं. मासे आणखी तासाभरानं, टबात नव्या पाण्याची बारीक धार सोडून सोडून. मोठी बाई नव्या घरात सुटली, एक चक्कर मारली, सगळं बघून घेतलं आणि बुवाला एक ढुशी दिली. तिचं ठीक होतं.

फुलाचं ठीक नव्हतं. दुसऱ्या दिवशी दगड सोडून ते चालायला लागलं. हो, चालतं. पायानं सरपटत, तासाला वीतभर. भाईनं सांगितलं होतं की चालत चालत पंपात ओढलं गेलं तर चटणी होते, म्हणून मालकांनी पंपाला जाळ्या बांधल्या. दोन दिवस ते टाकीभर फिरलं, मागं दोन्ही मासे, बिऱ्हाड शोधत फिरावं तसे. मालक खुर्ची त्याच्या मागं मागं सरकवत होते. माझ्याशी कामापुरतं बोलायचे. कढीपत्त्याची पानं गळून पडली ती मी झाडून टाकली, त्याची चौकशी कुणी केली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहा ठेवत होते. नवी टाकी एवढी लांब आहे की तिची एक बाजू स्वयंपाकघराच्या दारात येते. मी सहज मान वर केली तर काचेच्या आत, त्या बाजूच्या दगडावर, फूल बसलेलं होतं. चांगलं फुगलेलं. ताटाहूनही मोठं. मोठी बाई त्याच्यात आडवी झालेली.

"अहो, इकडं या."

मालक पुढच्या खोलीतून सगळ्या काचांतून शोधत होते, मधल्या दगडांमुळं त्यांना दिसत नव्हतं. आत आले. बघितलं. मग शेगडीजवळच्या डब्यावर बसले.

बराच वेळ आम्ही दोघं बघत होतो. चहा उतू गेला.

"मुद्दाम न्हाई ना केलं तू?" ते म्हणाले, पण आता आवाज वेगळा होता.

"मुद्दामच करायचं असतं तर सहा वर्षं काय थांबले असते? पह्यल्याच दिवशी केलं असतं."

त्यांनी मान हलवली. "हे खरंय," म्हणाले. मला चांगली ओळखतात.

आता अडचण अशी झाली आहे की फूल पुढच्या खोलीतून दिसत नाही, फक्त माझ्या स्वयंपाकघरातून दिसतं. भाई म्हणाला, त्यानं जागा स्वतः धरली, आता हलवू नका. त्यामुळं मालक सकाळी आठपासून माझ्या स्वयंपाकघरात. खुर्ची आणली, चष्मा आणला, पेपर आणला. फोडणी दिली की म्हणतात, धूर करू नको, त्याला त्रास होतो. मी म्हणाले, बसताच आहात तर मेथी निवडा. त्यांनी निवडली, पान न् पान, नजर काचेवर ठेवून. मी कढई ठेवली आणि ताटलीत हात घातला तर पानं कचऱ्यात गेली होती आणि ताटलीत काड्या होत्या.

काड्यांची भाजी केली. लसूण जास्त घातला. दोघांनी खाल्ली.